पोलिसांपुढची कबुली कोर्टात कुठे गळते, आणि कुठे मागच्या दाराने परत येते

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ जिल्ह्याच्या पानावरची ही ओळ बीड, जालना, परभणीकडच्या वाचकाला तोंडपाठ असते. गंमत अशी, की ‘खाक्या दाखवताच’ हे खरं धरलं तर ती कबुली तिथेच मेली. आणि खाक्या न दाखवता, चहा पाजून घेतली असली तरी पोलिसापुढची म्हणून ती मेलीच.

मग पोलीस कबुली घेतातच कशाला, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. कारण कबुलीतून वस्तू निघते आणि वस्तूच्या आधाराने कबुलीचा एक तुकडा कोर्टात जिवंत राहतो. त्यामुळे खरी लढाई दोनच कागदांवर होते: निवेदन पंचनामा (आरोपीने सांगितलेली माहिती पंचांसमोर लिहिलेला कागद) आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब. हे दोन्ही कागद बाद करायचे तर त्याची तयारी खटल्यात नाही, अटकेच्या पहिल्या दिवशी करावी लागते. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे, आरोपीच्या घरच्यांसाठी आणि फौजदारीत नव्याने उतरलेल्या वकिलांसाठी.

आधी कलमं

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आणि सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्याआधीपासून कोर्टात चालू असलेले खटले जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे वकिलांच्या तोंडी अजून ‘कलम सत्तावीस’ आणि ‘एकशे चौसष्टचा जबाब’ असतं. जुनी २४, २८ आणि २९ ही कलमं आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आहेत. जुनी २५, २६ आणि २७ कलम २३ मध्ये आली आणि त्यातलं २७, म्हणजे माहितीवरून वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो हा नियम, आता परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) झालं आहे. सीआरपीसीचं १६४ म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३.

कलम २३(१): पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. हवालदार असो की अधीक्षक, मारलं असो की नसो, फरक पडत नाही. इथे जबरदस्ती सिद्ध करण्याची गरजच नाही.

कलम २३(२): पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणापुढेही दिलेली कबुली चालत नाही, मॅजिस्ट्रेट समोर हजर असेल तरच चालते. ताबा म्हणजे अटकेचा कागद झालेला असलाच पाहिजे असं नाही. माणूस उठून जाऊ शकत नव्हता, एवढं पुरतं. ठाण्याच्या पडवीत बसवून ठेवलेल्या माणसाने भेटायला आलेल्या मामाला ‘माझ्याकडून झालं’ म्हटलं, तरी ते यातच येतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलेली हकीकतही यातच येते. शिपाई दाराबाहेर विडी ओढायला गेला म्हणून ताबा संपत नाही.

कलम २२ सर्वांत रुंद आहे: धमकी, प्रलोभन, जबरदस्ती किंवा वचन यामुळे दिलेली कबुली, समोरचा अधिकारपदावरचा असेल आणि आरोपीला आपला काही फायदा होईल किंवा संकट टळेल असं वाटण्यासारखी परिस्थिती असेल तर. ‘तुझ्या बायकोला उचलतो’ ही धमकी झाली, ‘माफीचा साक्षीदार करतो’ हे वचन झालं. इथे बचावाला जबरदस्ती पूर्णपणे सिद्ध करावी लागत नाही. कबुली तशी घेतल्याचं कोर्टाला ‘दिसलं’ की पुरे, कायद्याचा शब्दच तसा आहे. नवे वकील हा मुद्दा सोडून देतात आणि उगाच स्वतःवर ओझं घेतात.

याच कलमात एक काटा आहे. कबुली एरवी ग्राह्य असेल, तर ती फसवून घेतली, नशेत दिली, गुप्ततेचं वचन देऊन घेतली किंवा ‘तू बोलायला बांधील नाहीस’ हे न सांगता घेतली, एवढ्यावरून बाद होत नाही. इंग्रजी सिनेमात पोलीस बेड्या घालता घालता हक्क वाचून दाखवतात आणि तो वाचायचा राहिला की केस पडते. तो अमेरिकेतला १९६६ चा मिरांडा निकाल, आपल्याकडे तसा आपोआप परिणाम होत नाही. आपलं संरक्षण दुसऱ्या जागी आहे: संविधानाचं कलम २०(३), आणि त्यावरचा १९७८ चा नंदिनी सत्पथी निकाल. स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहण्याचा हक्क पोलीस चौकशीपासूनच लागू होतो, असं त्यात म्हटलं आहे.

स्वतः कोयता घेऊन ठाण्यात हजर झालेला माणूस

बांधाच्या भांडणात असं होतं: रागात वार करतो, आणि रक्ताचे कपडे तसेच घेऊन ठाण्यात जाऊन बसतो. ठाणे अंमलदार त्याचीच फिर्याद लिहून घेतो. घरच्यांना वाटतं, आता सगळं संपलं. अघनू नागेशिया खटल्यात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीनेच दिलेली खबर कबुलीच्या स्वरूपाची असेल तर ती तुकडे पाडूनही वापरता येत नाही. हेतू, तयारी, भांडणाचं कारण हे सगळं त्या कबुलीचाच भाग आहे. उरतं ते एवढंच, की खबर देणारा हाच होता, आणि त्या माहितीतून काही शोध लागला असेल तर तेवढा भाग.

पण अंगावरचे कपडे, हातातला कोयता, त्यावरचं रक्त हे उरतंच. कबुली बाद झाली म्हणजे आरोपी सुटला, असं समजून जामिनाची आणि साक्षीदारांची तयारी ढिली सोडू नये.

पहिले चोवीस तास

इथे पाच कागद बघायचे. या भागातली कलमं नागरिक सुरक्षा संहितेची आहेत.

अटकेचा मेमो (कलम ३६): त्यावर वेळ हवी, आणि घरच्या किंवा वस्तीतल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. मेमोवरची वेळ आणि प्रत्यक्ष उचलल्याची वेळ यातलं अंतर हे बचावाचं पहिलं हत्यार. मंगळवारी रात्री उचललं आणि गुरुवारी सकाळी अटक दाखवली, तर मधला काळ बेकायदा ताब्याचा, आणि त्या काळातलं ‘निवेदन’ संशयाच्या भोवऱ्यात. म्हणून नेल्या नेल्या घरच्यांनी अधीक्षक कार्यालयाला ई-मेल करावा किंवा तार केल्यासारखा छोटा अर्ज द्यावा: कुणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेलं. चार ओळी पुरतात. वेळेचा शिक्का महत्त्वाचा.

अटकेची कारणं (कलम ४७) लेखी द्यायची आहेत. हे सर्वोच्च न्यायालयाने पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) निकालांत ठासून सांगितलं. नातेवाइकाला कळवल्याची नोंद (कलम ४८) स्टेशन डायरीत हवी. वैद्यकीय तपासणीचा अहवाल (कलम ५३) हवा, आणि त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला देणं बंधनकारक आहे. पाचवा म्हणजे कलम ३८ खाली वकिलाला भेटू देण्याचा अर्ज. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पण पूर्ण वेळ वकील शेजारी बसून राहील असा नाही. अर्ज नाकारला तर नाकारल्याची पोच तरी घ्यावी, पुढे तिचाच उपयोग होतो.

साध्या चौकशीला बोलावलेल्याचा जबाब (कलम १८०) लिहिला तरी त्यावर सही घ्यायची नसते, कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. कोरे कागद, अर्धवट भरलेले पंचनामे यावर सही करू नये. केली असेल तर पहिल्या हजेरीतच कोर्टाला सांगावं.

सीसीटीव्हीचं मुद्दाम सांगायला हवं. परमवीर सिंग सैनी निकालाने (२ डिसेंबर २०२०) ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली अशा सगळ्या जागी कॅमेरे आणि १८ महिन्यांचं चित्रण ठेवायला सांगितलं, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष. प्रत्यक्षात ‘यंत्र बंद होतं’ हे उत्तर फार ऐकू येतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज कोर्टात द्यावा, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून. सहा महिन्यांनी मागितलेलं चित्रण मिळत नाही. आठवड्यात मागितलेलं मिळालं नाही, तर निदान न मिळण्याचं कारण द्यावं लागतं.

डॉक्टरांसमोर

अटकेनंतरच्या तपासणीचा कागद बहुतेक वेळा ‘अंगावर ताजी जखम नाही’ या एका ओळीवर संपतो. डॉक्टर दोन मिनिटांत शर्टावरून बघतात, पोलीस दारात उभे असतात, आणि आरोपी गप्प. तळपायावर, मांड्यांच्या मागे, नितंबांवर पट्ट्याचा मार असेल तर विचारल्याशिवाय तो दिसत नाही. डॉक्टरांना अवयवाचं नाव घेऊन सांगायला हवं: ‘तळपाय बघा, कान बघा.’

मुका मार रंग बदलतो. सुरुवातीला लालसर, मग निळा-जांभळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवडाभराने पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत नाहीसा. काठीच्या माराला दोन समांतर रेघा उठतात, मध्ये फिकी पट्टी. म्हणजे पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मिळाल्यावर दहाव्या दिवशी केलेली तपासणी अर्धा पुरावा गमावते. रंग, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि जखमेचं अंदाजे वय अहवालात हवं. कलम ५३ जखम होण्याची अंदाजे वेळ लिहायला सांगतंच. डी. के. बसू निकालाने (१९९६) कोठडीत असताना दर ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे. ती होत नसेल तर अर्ज द्यावा. शंका असेल तर औरंगाबादची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड किंवा लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा मोठ्या ठिकाणी फेरतपासणी मागावी. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला रोज त्याच ठाण्याशी काम पडतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

पहिला रिमांड: तोंड उघडण्याची जागा

चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं असतं. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आणि आरोपी मान हलवतो: नाही. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘तक्रार नाही’ असं जातं, आणि दोन वर्षांनी खटल्यात ‘मारून कबुली घेतली’ म्हटल्यावर सरकारी वकील तोच रोजनामा पुढे करतो. मारहाणीचे बहुतेक बचाव इथेच बुडतात. मागे तोच पोलीस उभा असतो, ज्याच्यासोबत परत जायचं आहे, हे कोर्टालाही कळतं. पण कागदाला ते कळत नाही.

त्यामुळे वकिलाने आधी दोन मिनिटं वेगळं बोलायला मागावं. स्वतःचा वकील नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवेचा रिमांड वकील मोफत मिळतो. दूरध्वनी १५१००. कसाब निकालात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या हजेरीतच आरोपीला या हक्काची जाणीव देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य ठरवलं आहे. तक्रार सांगताना मोघम नको: कुणी (नाव नसेल तर वर्णन), कधी, ठाण्यात की आणखी कुठे, कशाने, अंगावर कुठे. अर्ज लेखी द्यावा आणि रोजनाम्यात नोंद झाली का ते त्याच संध्याकाळी बघावं.

नव्या संहितेत एक गोष्ट बदलली. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता एकदम घ्यायची गरज नाही. कलम १८७ नुसार, गुन्ह्याप्रमाणे, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ती तुकड्यांनी मागता येते. म्हणजे जेलमध्ये गेलेला माणूस परत ठाण्यात येऊ शकतो, आणि ही भीती मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबावर सावली टाकते. हा युक्तिवाद अजून पुरेसा वापरला जात नाही.

निवेदन पंचनामा, म्हणजे जुनं सत्तावीस

समजा आरोपीचं निवेदन असं लिहिलंय: ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारलं, तो कोयता मी आमच्या गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत लपवून ठेवला आहे, चला काढून देतो.’ यातलं काय चालतं? ‘कोयता गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत लपवला आहे, काढून देतो’ एवढंच. ‘ज्याने मी त्याला मारलं’ हे गळतं. ही कात्री १९४७ च्या पुलुकुरी कोट्टाया निकालाची. ‘शोधलेली बाब’ म्हणजे नुसती वस्तू नव्हे. वस्तू कुठून निघाली ती जागा आणि आरोपीला तिची असलेली माहिती, हे मिळून ती बाब होते. कोयता खुनात वापरला हे वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं.

हा कागद कशाने मोडतो, ते उलटतपासणीच्या क्रमाने.

भाषा. सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचांसमोर आरोपीने नेमके कोणते शब्द उच्चारले ते तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत यायला हवेत असं म्हटलं. आपल्याकडे लमाणी तांड्यावरचा, दखनी बोलणारा किंवा देगलूरकडचा तेलुगू आरोपी असतो, आणि पंचनाम्यात लिहिलेलं असतं ‘सदरचे हत्यार मी माझे राहते घराचे पाठीमागील बाजूस लपवून ठेवले असून’. हे कुणाचे शब्द? पंचाला विचारावं, आरोपी कोणत्या भाषेत बोलला आणि तुम्हाला ती कळते का.

पंच. निवेदनाच्या वेळी पंच हजर हवेत, जप्तीच्या वेळी थेट शेतात बोलावलेले नकोत. तेच पंच त्याच ठाण्याच्या आणखी तीन केसमध्ये असतील तर त्या केसचे क्रमांक काढून ठेवावेत.

वेळ आणि अंतर. निवेदन अकराला संपलं, आणि तीस किलोमीटरवरच्या शेतातला जप्ती पंचनामा सव्वाअकराला सुरू, असे पंचनामे सापडतात. गाडीचं लॉगबुक, स्टेशन डायरी आणि पंचाच्या मोबाइलचं लोकेशन मागावं. वाट कुणी दाखवली, गाडीत पुढे कोण बसलं होतं, आदल्या रात्री पाऊस होता का, हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण खोटा पंच यातच अडकतो.

आधीच माहीत असणं. जागा पोलिसांना अगोदर ठाऊक असेल, किंवा पहिल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघालेली असेल, तर दुसऱ्याच्या तोंडून तीच पुन्हा ‘शोधता’ येत नाही.

उघडी जागा. हा बचावाचा लाडका आणि बहुधा फसणारा मुद्दा. रस्त्याकडेची जागा होती एवढ्याने रिकव्हरी पडत नाही. जीत सिंग निकालानुसार (१९९९) बघायचं ते हे, की वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सहज नजरेला पडणारी होती का. सार्वजनिक विहिरीच्या गाळातून काढलेला कोयता लपवलेलाच असतो.

चित्रण आणि सील. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रण बंधनकारक केलं आहे. ते निवेदनापासून आहे का, की वस्तू हातात आल्यावर कॅमेरा चालू झाला? मुद्देमालाला जागेवर सील लागलं का, आणि तो प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाकडे होता?

शेवटी जबरदस्ती. काथी कालू ओघड (१९६१, अकरा न्यायमूर्ती) आणि सेल्वी (२०१०) या निकालांचा अर्थ असा, की जबरदस्तीने काढलेली माहिती शोध लागला तरी वापरता येत नाही. मारहाणीचा कागद पहिल्या दिवशी तयार करायचा तो यासाठी. वस्तू मात्र गळत नाही. पूरणमल निकालापासून (१९७४) आपली कोर्टं बेकायदा झडतीत मिळालेली वस्तूही, संबंधित असेल तर, स्वीकारतात. जातो तो आरोपीला वस्तूशी जोडणारा धागा, आणि पुष्कळदा तोच एकमेव धागा असतो.

मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली

ही खरोखर धोकादायक, कारण नीट घेतलेली असेल तर शिक्षा तिच्यावर टिकते. बाद करायची तर पद्धतीत चूक शोधावी लागते, आणि ती फार वेळा सापडते.

मॅजिस्ट्रेटने आधी सांगायचं: तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. मग प्रश्न विचारून स्वेच्छेची खात्री करायची: पोलिसांकडे किती दिवस होतास, कुणी मारलं का, कशाचं वचन दिलं का, मी पोलीस नाही हे कळतं का. पोलीस खोलीत किंवा नजरेच्या टप्प्यात नकोत. विचाराला वेळ द्यायचा. सरवन सिंग निकालाने (१९५७) साधारण चोवीस तास सुचवले. तो वेळ पोलीस लॉकअपमध्ये घालवायला लावला, तर दिला न दिल्यासारखाच. ‘मला द्यायची नाही’ म्हटल्यावर मॅजिस्ट्रेटला त्याला पोलीस कोठडीत पाठवता येत नाही, आणि हे त्याला आधीच सांगितलं गेलं का ते तपासावं. जबाब शपथेवर घ्यायचा नसतो. वाचून दाखवून सही आणि खाली मॅजिस्ट्रेटचं प्रमाणपत्र हवं. छापील प्रश्नावलीवर सगळीकडे ‘होय’ ‘नाही’ एकाच पेनाने खाली उतरत गेलेलं दिसलं, तर ती रिकामी औपचारिकता होती, असं म्हणायला जागा आहे. आरोपीच्या वकिलासमोर ऑडिओ-व्हिडिओ घेण्याची सोय कलम १८३ मध्ये आहे, ती मागून घ्यावी.

माघार घ्यायची असेल तर लवकर, जेल अधीक्षकामार्फत लेखी. माघारीने कबुली आपोआप बाद होत नाही, पण कोर्ट स्वतंत्र दुजोरा मागतं. तीन वर्षांनी, आरोपीच्या शेवटच्या जबाबात घेतलेल्या माघारीला फारसं वजन नसतं.

मकोका लागला तर

वरचं बरंचसं उलटतं. मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), १९९९ च्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा होते, सहआरोपीविरुद्धही, खटला एकत्र असेल तर. म्हणून इथे सगळा जोर मोकळ्या वातावरणावर, भाषेवर आणि पुढच्या पायरीवर: आरोपीला विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेलं का, आणि छळाची तक्रार असेल तर सहायक सिव्हिल सर्जनपेक्षा कमी नसलेल्या डॉक्टरकडे पाठवलं का. याच हजेरीत गप्प बसणं सर्वांत महाग पडतं. अमली पदार्थांच्या केसमध्ये उलट दिलासा आहे: तोफान सिंग निकालानंतर (२०२०) एनडीपीएसच्या कलम ६७ खालचा कबुलीजबाब चालत नाही.

खटल्यात

तपास अधिकारी साक्षीत ‘आरोपीने मला गुन्हा कबूल केला’ म्हणतो, आणि नवा वकील उलटतपासणीची वाट बघतो. तिथेच उठून आक्षेप घ्यावा. निवेदन पंचनाम्याला निशाणी (पुराव्यातला कागद म्हणून क्रमांक) देताना ग्राह्य वाक्यच दाखवून द्यावं, बाकीचं कंसात टाकायला सांगावं. संपूर्ण कागद निशाणी झाला, की न्यायाधीशाच्या मनात ‘ज्याने मी त्याला मारलं’ शिरतंच. उलटतपासणीत स्वतःच कबुलीचा तपशील विचारू नये, हे सांगावं लागतं कारण असं घडतं. व्हॉट्सॲपवर फिरणारी ठाण्यातली कबुलीची क्लिप, पत्रकारांसमोर बोलायला लावलेला आरोपी, हेही २३(२) मध्येच अडकतं. व्यंकटेश विरुद्ध कर्नाटक (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चित्रणावर आणि ते टीव्हीवर दाखवण्यावर कडक शब्द वापरले आहेत.

पोलीस पाटलापुढच्या कबुलीवर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. आक्षेप नोंदवावा, आणि शिवाय विचारावं की त्या वेळी शिपाई तिथे होता का. बोटांचे ठसे, हस्ताक्षर, रक्त, आवाजाचा नमुना यांवर मात्र हा आक्षेप चालत नाही. ती साक्ष नव्हे, असं काथी कालू ओघडपासूनच ठरलेलं आहे.

खालच्या कोर्टात आक्षेप राहून गेला असला तरी मुळातच निषिद्ध कबुली नुसत्या गप्प बसण्याने ग्राह्य होत नाही. तो मुद्दा अपिलात, औरंगाबाद खंडपीठातही घेता येतो. त्यासाठी पहिल्या रिमांडचा रोजनामा, वैद्यकीय अहवाल, सीसीटीव्हीचा अर्ज आणि घरच्यांनी पहिल्या रात्री पाठवलेला तो चार ओळींचा ई-मेल, यांच्या प्रमाणित प्रती खटला चालू असतानाच रेकॉर्डवर आणून ठेवाव्यात.